जरा मोठ्याने बोला

"रेडिओवर ऐकलं हो तुम्हाला," खुर्चीत बसलेल्या बाई म्हणाल्या. "छान बोलता. माझी सून तर रडलीच ऐकून."

डॉक्टरचा हात त्या वेळी बाईंच्या डाव्या कानात होता. आठवडाभर थेंब घालून मळ मऊ केलेला होता, तरी एक खडा कानाच्या भिंतीला धरून बसला होता आणि ती तो बारीक आकड्याने हलकेच सोडवत होती. कानात गेलेला हात दचकत नाही. इतक्या वर्षांत तेवढी शिस्त हाताला लागलेली होती. पण आत काहीतरी चुकलं. भरलेला समजून तांब्या उचलावा, तो रिकामा निघावा आणि हात उगाच भसकन वर जावा, तसं.

"हलू नका," ती म्हणाली. "आणि बोलूही नका जरा. जबडा हलला की कान हलतो."

बाई गप्प बसल्या, पण गप्प बसणं हा त्यांचा पिंड नव्हता. आकडा बाहेर आल्याबरोबर त्यांनी वाक्य सोडलं होतं तिथून उचललं. "नाही, पण खरंच. माझे हे गेले तेव्हा मी वर्षभर नुसती भिंतीकडे बघत होते. जेव म्हटलं की जेवायचं, झोप म्हटलं की झोपायचं. आणि तुम्ही महिन्याभरात उभ्या राहून बोलायला लागलात. तेही नदीपलीकडच्यांबद्दल एक वाईट शब्द न काढता. मन मोठं लागतं बाई त्याला."

"आता येतंय का नीट ऐकू?"

बाईंनी मान तिरकी केली. "अगंबाई, हा पंख्याचा आवाज होय! मला वाटायचं माझ्याच डोक्यात काहीतरी घरघरतंय."

त्या हसत गेल्या आणि 'छान' हा शब्द मात्र खोलीत राहिला. पुढचा पेशंट आत येईपर्यंत तिने आकडा पुसला, मग पुन्हा पुसला. छान म्हणजे काय? गाणं छान होतं, स्वेटर छान बसतो. ती बोलते म्हणजे काय बोलते, हे तिने तिऱ्हाइतासारखं ऐकून पाहायचा प्रयत्न केला. ती सांगते की त्या वसंतात नदीपलीकडच्या टेकडीवरून रोज तोफा चालायच्या आणि स्फोटाने पडदे फाटलेल्या कानांची रांग हॉस्पिटलच्या जिन्यापर्यंत यायची. सांगते की तिचा नवरा पाणीपुरवठ्यात इंजिनीअर होता, मोठी पाइपलाइन फुटली म्हणून नदीकाठच्या पंपावर झडप बंद करायला गेला. मारा थांबलेला होता, म्हणून गेला. मग सांगते की एक नर्स दाराशी येऊन म्हणाली, "मॅडम, जरा बाहेर येता?" आणि ती म्हणाली, "थांब, हा कान होऊ दे." इथे ती थांबते. सभागृहात कोणीतरी नाक ओढतं. मग ती म्हणते, "मी तो कान पूर्ण केला. तो माणूस कुठल्या बाजूचा होता, मला आजही माहीत नाही. कानाला बाजू नसते." आणि टाळ्या पडतात. ही थांबण्याची जागा आपण केव्हा धरली? पहिल्यांदा तर ती तिथे थांबली होती कारण पुढचं तोंडातून येतच नव्हतं. आता पुढचं येतं, तयार असतं, आणि तरी ती थांबते. नाटकातल्या नटीसारखी श्वास मोजून थांबते.

नवरा असता तर हसला असता. तो तिला कानकोरणं म्हणायचा. "कानकोरण्याने जग सुधारत नसतं, ते पाणी वेळेवर आल्याने सुधारतं," असं म्हणायचा, आणि मग ती त्याला नळवाले अशी हाक मारून कपडे धुवायच्या वेळी पाणी का गेलं याचा जाब विचारायची. घरी आला की त्याच्या बुटांना नेहमी चिखल असायचा, बाहेर कडकडीत ऊन असलं तरी. शहराच्या खाली कुठेतरी सतत ओल असते आणि आपला नवरा त्या ओलीत राहतो, असं तिला लग्नाच्या नव्या दिवसांत वाटायचं. हे ती भाषणात कधी सांगत नाही. बूट, चिखल, नळवाले, यातलं काहीच नाही. भाषणात तो असतो एक चांगला माणूस, जो पाण्यासाठी गेला.

दुपारच्या पेशंटांना तिने उद्या बोलावलं होतं, कारण आज घरी काचवाला येणार होता.

काचवाला नदीपलीकडचा. खिडक्यांना काचा बसवणं हा त्याचा धंदा आणि शांतता समितीत सगळे त्याला त्याच नावाने ओळखत. गेली दोन वर्षं ती आणि तो एकाच मंचावर बोलत होते, कधी अलीकडे, कधी पलीकडे. आधी ती, मग तो. त्याची सुरुवातही ठरलेली. "लढाईत सगळे बुडाले, मी एकटा तरलो. काच फुटल्याशिवाय काचवाल्याची आठवण कोणाला येते?" लोक जरा चाचरत हसत. मग तो माइकच्या अगदी जवळ तोंड नेऊन, ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणे, "माझा मुलगा लढाईत गेला. त्याला पोहता येत नव्हतं म्हणून मी त्याला कधी नदीवरसुद्धा जाऊ दिलं नव्हतं." बस, एवढंच. कोण कुठे होतं, कोणाच्या हातात काय होतं, हे विचारायचं नाही असा समितीचा नियम होता. काय गेलं तेवढं सांगायचं. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते आणि ते म्हणत, हिशोब मांडायला बसलो तर आपण पुन्हा टेकडीवर पोहोचू. तिला ते पटलं होतं. गेल्या महिन्यात ती काचवाल्याच्या घरी जाऊन आली होती. त्याच्या बायकोने चहा दिला आणि ती आत गेली ती बाहेर आलीच नाही. भिंतीवर मुलाचा फोटो होता, नुसता चेहरा, गळ्यापर्यंतचा. मोठे कान असलेला, हसरा मुलगा. धंद्याच्या सवयीने तिचं लक्ष आधी कानांकडेच गेलं होतं. आता परतभेट म्हणून तो तिच्याकडे येणार होता.

सासूबाईंना हे सांगून झालं होतं, पण त्या घरात सांगून होणं आणि ऐकून होणं या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. तोफांच्या त्या वर्षापासून सासूबाईंचे कान मंद होत गेले होते. सुनेने चांगलं मशीन आणून दिलं. ते डबीसकट कपाटात पडून होतं. "जे ऐकायचं होतं ते ऐकून झालंय," त्या म्हणाल्या होत्या. "आता तू नवीन काय ऐकवणार आहेस?" आज सकाळी पुन्हा विषय निघाला तेव्हा त्यांनी आधी कानाडोळा केला, मग चहाचा कप बशीत ठेवत विचारलं, "माझ्या घरात येणार?"

"आपल्या घरात, आई."

"ज्या घरात माझा मुलगा नाही त्या घरात आपलं काय नि तुझं काय. येऊ दे. मी माझ्या खोलीत दार लावून बसेन. मेले म्हणून सांग हवं तर."

"आई, असं काय बोलता."

"तू बोलतेस ना बाहेर, मला बोलू दे घरात."

जिना चढताना हे सगळं तिच्या मनात पुन्हा चाललं होतं. दोघीच राहायच्या त्या तीन खोल्यांत. एक गेलेला माणूस दोघींच्या मधे बसलेला. त्याच्याबद्दल त्या बोलत नसत. औषधाच्या वेळा, गॅसचं सिलिंडर, खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीने कपडे उशिरा दिले, असं बोलत. त्याच्या बुटांचा जोड दाराच्या मागे होता. तो तिथून हलवायचा नाही असं कोणी ठरवलं नव्हतं. कोणी हलवला नव्हता इतकंच. आज येणाऱ्या माणसाला ते दिसतील, म्हणून ते आत ठेवावेत की काय असं तिला वाटलं, आणि वाटल्याचीच लाज वाटून तिने ते तसेच राहू दिले.

काचवाला वेळेवर आला. शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावलेली, हातात संत्र्यांची पिशवी. खालपासून वर येईपर्यंत आपल्याला कोणी ओळखतंय का, या धास्तीने घामेजलेला. आत येताच त्याची नजर खिडकीकडे गेली. जवळ जाऊन त्याने काचेच्या कडेवरून अंगठा फिरवला. "ही कोणी बसवली? पुट्टी पार सुकलीये. वारा आला की वाजत असेल." मग आपण कुठे आहोत ते आठवून तो ओशाळला आणि हात मागे घेऊन खुर्चीच्या टोकावर बसला. ती चहा टाकायला उठणार इतक्यात सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं.

त्यांनी केस विंचरले होते, धुतलेले कपडे घातले होते. काचवाला उठून उभा राहिला. "बसा," त्या म्हणाल्या, आणि स्वतः त्याच्या शेजारची सरळ पाठीची खुर्ची ओढून, उजवा कान त्याच्याकडे करून बसल्या. डाव्यापेक्षा तो बरा होता.

"काय करता?"

"काचा बसवतो," तो म्हणाला, मंचावरच्या त्याच हळू आवाजात.

"काय?"

"काचा! खिडक्यांच्या काचा बसवतो!"

"हां. आमच्या सगळ्या फुटल्या होत्या. जरा मोठ्याने बोला. सून कानाची डॉक्टर आहे माझी, पण दिव्याखाली अंधार." आपल्या विनोदाला त्या स्वतः हसल्या नाहीत. "मुलगा गेला म्हणे तुमचा."

"हो. लढाईत गेला."

"काय?"

"लढाईत गेला!"

"ते कळलं. त्या वर्षी गेला तो लढाईतच गेला, सर्दीने कोण मरत होतं? कुठे होता?"

"आई," ती पटकन पुढे झाली, "ते विचारायचं नसतं." सासूबाईंना ऐकू जावं म्हणून तिला ते ओरडूनच म्हणावं लागलं, आणि ओरडून म्हटलेलं ते वाक्य भलतंच मूर्ख वाटलं.

"कोणी सांगितलं?"

"समितीत तसं ठरलंय."

"मी कुठे आहे तुझ्या समितीत?" नजर काचवाल्यावरून न काढता त्या म्हणाल्या. "कुठे होता?"

काचवाल्याने सुनेकडे पाहिलं. तिने सोडवावं म्हणून पाहिलं असेल, किंवा माफी मागायची म्हणून. त्याचे ओठ हलले. ती समोरच होती, तिला ऐकू आलं, आणि ऐकू आलं नाही असं व्हावं असं वाटलं.

"काय?" सासूबाई म्हणाल्या.

"टेकडीवर!" तो ओरडला. आवाज फाटला. खाली शिंपिणीचं मशीन थांबल्यासारखं झालं. "टेकडीवर होता! तोफांवर! गोळे उचलून द्यायचा! तोफ नाही डागायचा, नुसते गोळे द्यायचा. एकोणीस वर्षांचा होता हो!"

"कधी?"

"हिवाळ्यात नेला त्याला वर. उन्हाळ्यात मेला. आमचाच गोळा नळीतच फुटला."

हिवाळा आणि उन्हाळा यांच्या मधे तो वसंत येतो ते कळायला बोटं मोजावी लागत नाहीत. खोलीतल्या तिघांनीही ते एकाच वेळी मनात ओलांडलं. खिडकीची काच वाऱ्याने थडथडली. पुट्टीबद्दल त्याचं म्हणणं बरोबर होतं, हे तिच्या मनात उगाचच आलं.

"म्हणजे माझा मुलगा गेला तेव्हा तुमचा वर होता."

"होता."

"काय?"

"होता!"

"त्यानेच दिला असेल तो गोळा."

"असेल!" त्याच्या गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. "नसेलही. बऱ्याच तोफा होत्या. मी रोज विचार करतो, बाई. रोज. कोणाला विचारणार? जे सांगतील ते सगळे तिथेच गेले."

सासूबाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग, जणू भाजीचा भाव ऐकून मान हलवावी तशी मान हलवून, म्हणाल्या, "बरं झालं."

काचवाल्याला कळलं नसावं. "काय?" त्याने विचारलं.

"बरं झालं, मेला तो."

डॉक्टरने काचवाल्याकडे पाहिलं. आता हा उठेल, जाईल, रविवारी नदीपलीकडच्या सभागृहात दोघांनी मिळून बोलायचं आहे ते मोडेल, दोन वर्षांचं सगळं मोडेल. पण काचवाला उठला नाही. मान खाली घालून तो आपली बोटं बघत होता. काच कापणाऱ्याच्या बोटांवर असतात तशा बारीक पांढऱ्या रेघा त्यांवर होत्या. मग मान वर न करता, पण मोठ्याने, शब्द वेगळे काढून तो म्हणाला, "आमच्याकडे लोक गच्चीवर जाऊन बघायचे. तुमच्याकडे धूर निघाला की. मीही जायचो. पोरगा वर आहे, त्याचं काम बघतोय, असं वाटायचं. आणि मीही हेच म्हणायचो, बाई. बरं झालं म्हणायचो."

"चहा टाकते," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. पातेलं ओट्यावर ठेवलं आणि नळ सोडला, आणि पातेलं नळाखाली धरायचंच विसरून ती पाणी वाहताना बघत राहिली. मग तिला कळलं की आपल्याला राग आलाय. इतका जुना, इतका न वापरलेला, की तिने त्याला ओळखलंच नव्हतं. बाहेर जाऊन त्या माणसाची गळ्यापर्यंतची बटणं धरावीत आणि त्याला जिन्यावरून खाली लोटावं. त्याच्या मुलाचे ते मोठे कान, तो हसरा चेहरा – बरं झालं, बरं झालं. हे कुठे होतं इतके दिवस? कान आतून पिकलेला असताना वरून कापसाचा बोळा घालून ठेवायचा नाही, हे ती पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सांगते. बाहेरून कोरडा दिसतो म्हणून बरा झाला असं समजू नका. आणि ती स्वतः? नवऱ्याला नेलं आणि महिन्याच्या आत कोणीतरी म्हणालं, दोन शब्द बोला. ती दोन शब्द बोलली, आणि ते शब्द इतके स्वच्छ निघाले की तिला वाटलं हेच आपलं दुःख. मधली पायरीच तिने गाळली होती. लोक म्हणाले मोठं मन. मन मोठं नव्हतं, आत कोणी गेलंच नव्हतं. आणि हे सगळं आज उघडं पाडलं ते एका म्हाताऱ्या बाईने, साध्या एका प्रश्नाने. जो प्रश्न दोन वर्षांत तिने विचारला नव्हता, कारण नियम होता. नियम बरा असतो. नियमाच्या आडोशाला राहता येतं.

बाहेर आवाज चालूच होते. तिला वाटलं होतं भांडण होईल. पण सासूबाई विचारत होत्या, "जेवायला नखरे करायचा का?"

"फार! भाजीतलं नको ते वेचून ताटाच्या कडेला रांग लावायचा!"

"माझाही. चाळिशीला आला तरी. मी म्हणायची, रांगा कसल्या लावतोस, पाणी आलंय का?"

"शेवटी मीच खायचो ते त्याच्या ताटातलं!"

"मग काय तर. टाकवतं का."

बरं झालं म्हणणारी बाई आणि हे विचारणारी बाई एकच होती, आणि तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. मधे उभी राहून दोन्ही कानांनी ऐकणाऱ्या डॉक्टरला मात्र दोन्हींतलं काहीच जमलं नव्हतं. तिने नळ बंद केला, चहा केला, नेऊन दिला. काचवाल्याने तो गरम गरमच संपवला आणि निघतो म्हणाला. सासूबाईंनी त्याला थांबा म्हटलं नाही आणि पुन्हा या असंही म्हटलं नाही. दाराशी तो चपला घालत असताना त्याची नजर त्या बुटांवर गेली. क्षणभर तो वाकलेलाच राहिला. मग पाय चुकीच्या चपलेत घातला, काढला, पुन्हा घातला.

बसच्या थांब्यापर्यंत त्याला पोहोचवायला ती गेली. परक्या माणसाने त्या भागातून एकट्याने जावं असे दिवस अजून आले नव्हते. ऊन उतरत होतं. फुटपाथवर एक माणूस सायकलचं पंक्चर काढत टबात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होता. दोघं त्याला वळसा घालून पुढे गेली.

"आधी का नाही सांगितलंत?"

"विचारायचं नाही असं ठरलं होतं ना."

"मी तुमच्या घरी आले. तो फोटो बघितला. हसले त्याच्याकडे बघून."

"तो मोठा होता फोटो," तो म्हणाला. आता ओरडायची गरज नव्हती तरी त्याचा आवाज बसलेला होता. "पुरा. गणवेशातला. तुम्ही येणार म्हणून मी कात्रीने कापला. बायको आठवडाभर बोलली नाही माझ्याशी. म्हणाली, पोराला दुसऱ्यांदा मारलंत."

ती थोडं चालल्यावर म्हणाली, "मला तुमचा राग येतोय."

"हं."

"फार येतोय. आत्ता तुमच्या शेजारून चालणंही मला जड जातंय."

"यायचाच." तो रस्त्याकडे बघत होता. "खरं सांगू? मला भीती वाटायची तुमची. मी मनात म्हणायचो, या बाईला राग येत कसा नाही? कधीतरी एकदम येईल आणि तेव्हा मी समोर असेन." बस वळणावर दिसली. "रविवारी या म्हणून नाही म्हणत मी. मीही येईनसं वाटत नाही. आज जे ओरडलो ते ओरडल्यावर आता तिथे माइकसमोर पुन्हा ते पोहण्याचं सांगायचं, म्हणजे..." वाक्य तसंच सोडून तो चढला. खिडकीजवळची जागा रिकामी होती, तरी तो पलीकडच्या बाजूला जाऊन बसला.

घरी आली तेव्हा सासूबाई त्याच खुर्चीत बसून संत्रं सोलत होत्या. एक फोड त्यांनी तोंडात टाकली आणि डोळा बारीक केला. "आंबट आहेत."

ती चपला न काढताच जमिनीवर बसली, खुर्चीला टेकून. रडू आलं ते आवाजासकट आलं. भाषणात यायचं ते डोळ्यांच्या कडेला यायचं आणि तिथेच थांबायचं. हे तसं नव्हतं. हे कुरूप होतं, यात नाक होतं, खोकला होता. सासूबाईंना ते ऐकू येत होतं की नाही कोण जाणे, पण खुर्ची हलत होती ते त्यांना कळत असणार. त्यांनी संत्र्याचे हात आपल्या कपड्यांना पुसले आणि एक हात तिच्या डोक्यावर ठेवला. ठेवला म्हणजे नुसता ठेवला, फिरवला नाही.

"बाहेर गावभर ऐकवलंस त्याच्याबद्दल," त्या म्हणाल्या. "रेडिओवर ऐकवलंस. मला एकदा नाही ऐकवलंस. मला ऐकू येत नाही म्हणून का?"

"नाही, आई."

"काय?"

"नाही!" ती ओरडली. "मला नाही जमलं, आई! तुमच्यासमोर मला नाही जमलं!"

"मग ओरड. इथे कोण नियम लावतंय."

आणि ती ओरडून सांगू लागली. नळवाले म्हणायची ते, बुटांचा चिखल, त्या सकाळी तो निघाला तेव्हा ती अंघोळीला गेली होती आणि त्याने दारावर टकटक करून काहीतरी म्हटलं होतं, जे पाण्याच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. "काय म्हणाला असेल?" असं तिने विचारलं तेव्हा सासूबाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "येतो म्हणाला असेल. आणखी काय म्हणणार." मग त्या स्वतः बोलू लागल्या, तो लहानपणी कसा चालायला उशिरा शिकला ते, आणि खालच्या शिंपिणीला त्या संध्याकाळी आपल्या डोक्यावर एका मेलेल्या माणसाचं सबंध आयुष्य ओरडून सांगितलेलं ऐकू आलं असणार.

रविवारी सकाळी तिने विचारलं, "जाऊ का?"

"मला काय विचारतेस? मी माफ केलं म्हणून सांगायचं नाही, एवढंच."

"मीही नाही केलं."

"मग कशाला जातेस?"

तिने उत्तर शोधलं. पूर्वीची सगळी उत्तरं तिथेच होती, ओळीने, इस्त्री केलेली. त्यांतलं एकही हाताला लागेना. "परत गोळे पडू नयेत," ती शेवटी म्हणाली. "मला तेवढंच वाटतंय आता, आई. दुसरं काही नाही."

सासूबाईंनी ऐकलं की ओठ वाचले, कोण जाणे. "तेवढं पुरे की," त्या म्हणाल्या आणि औषधाची गोळी तळहातावर काढून घ्यायला लागल्या.

नदीपलीकडचं सभागृह अर्धंच भरलं होतं. मंचावर दोन खुर्च्या, मधे माइक. ती आपल्या खुर्चीवर बसली, पर्स शेजारच्या खुर्चीवर टाकली. काचवाला आला नव्हता. अध्यक्षांनी घड्याळाकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. न आला तर बरं, असं तिला वाटत होतं. सगळ्या रस्ताभर वाटत होतं. एकटीने बोलता येईल. काय बोलायचं तेही ठरत होतं: माझा नवरा गेला, मला अजून राग आहे, फार आहे, ज्याच्यावर राग आहे तोही माझ्यासारखाच रडतो, आणि तरी मी रोज सकाळी उठून असंच म्हणते की तोफा नकोत. टाळ्यांसारखं यात काही नव्हतं. समोर बसलेले लोक तिचे डोळे शोधत होते आणि ती दाराकडे बघत होती. आपण दाराकडे का बघतो आहोत हे तिच्या लक्षात आलं तेव्हाच तो दारात दिसला.

तो आत आला नव्हता. उंबऱ्यावर उभा होता, तोच गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट. मागे, थोडी दूर, त्याची बायको, हातात छातीशी धरलेला एक मोठा फोटो. फ्रेममधला वरचा चेहरा आणि खालचा गणवेश यांच्या मधे कापल्याची रेघ होती, चिकटपट्टीने जोडलेली. लोक वळून बघू लागले. कोणीतरी कुजबुजलं, आणि ती कुजबुज एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेली. त्याने मंचाकडे पाहिलं, तिच्याकडे नाही, खुर्चीकडे. खुर्चीवर पर्स होती.

राग होताच. आत्ताही, त्या फोटोकडे बघताना, तसाच होता. तो जाणार नव्हता. आज नाही, कदाचित कधीच नाही. नवराही येणार नव्हता. यातलं काहीही बदलणार नव्हतं, आणि दारातला तो माणूस ताटकळत उभा होता, वय झालेला, घसा बसलेला, आता मागे फिरण्यासारखी कुठलीच जागा नसलेला.

तिने हात लांब केला, पर्स उचलली आणि मांडीवर घेतली.